काळ्यानं झाकायचं, पांढऱ्यानं दाखवायचं

ब्रश कसा धरायचा हे मला कधी कुणी शिकवलं नाही. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच, पण अक्षर असं होतं की मंचरपासून जुन्नरपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगाला माझाच हात दिसायचा. खताची दुकानं, दवाखाने, पारगावला ऊस घेऊन जाणाऱ्या ट्रॉल्यांची मागची फळी. आहुप्याच्या शाळेच्या भिंतीवर भारताचा नकाशा काढला होता. श्रीलंका जरा मोठी झाली, पण मास्तरांनाही ते कळलं नाही, म्हणजे फार मोठी झाली नसणार.

पण माझं खरं काम बैलांचं. आमच्या भागात घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, बैलगाडा पळतो तेव्हा पुढं घोडी, मागं चार बैल, आणि या चारांतला एखादा असा निघतो की लोक मालकाला विसरतात आणि बैलाला ओळखतात. अशा बैलाचा बोर्ड जत्रेच्या आधी वेशीवर लागायचा. पत्र्यावर, ऑइल पेंटमध्ये, आणि नव्वदच्या पुढची सगळी वर्षं तो मीच काढायचो. बैलाच्या डोळ्यात पांढरा ठिपका कुठं द्यायचा म्हणजे तो बघणाऱ्याकडं बघतो, हे मला ठाऊक होतं. कोपऱ्यात माझं नाव आणि पुढं ‘पेंटर’. तेवढं बघून लोक म्हणायचे, बोर्ड खरा आहे.

पेठ गावच्या एका गाडामालकाचा बैल मी दर वर्षी काढायचो. पांढराशुभ्र खिल्लार, अंगावर एक डाग नाही. फक्त उजवं शिंग टोकाला मोडलेलं. पहिल्याच वर्षी घाटाच्या दगडी भिंतीला लागून ते तुटलं होतं. मी मात्र बोर्डावर दोन्ही शिंगं पुरी काढायचो. बोर्ड म्हणजे काय पोलिसांचा पंचनामा आहे, जसं असेल तसं लिहायला? मालकानंही कधी हरकत घेतली नाही. लांबून बोर्ड बघायचा आणि म्हणायचा, “पेंटरचाच हाय.” बस्स.

दोन हजार सालानंतर फ्लेक्स आला आणि माझी कामं एकेक करून गेली. आधी दुकानं गेली, मग वाढदिवस, मग जत्रा. मी कुणाकडं मागायला गेलो नाही. घरी बसलो, ब्रश रॉकेलात धुऊन ठेवले.

असा बसलेलो असताना पेठेचा मालक आला. सोबत त्याचा थोरला मुलगा, नवीन मोटरसायकलवर. मालक ओट्यावर बसला आणि पाणी प्यायच्या आधीच म्हणाला, “पेंटर, बैल गेला.”

मी पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं सरकवला. असल्या वेळी बोलू नये.

“शेतातच पुरला. मीठ घालून, नवी झूल घालून. दहावा घालायचा हाय, माणसाचा घालत्यात तसा. प्रवचन ठिवलंय. बोर्ड तुमी करायचा.”

“करतो की, शेठ. पत्रा हाय माझ्याकडं.”

मुलगा मध्ये पडला. “काका, पत्रा न्हाई. फ्लेक्स पायजे. फोटोचा. आता कोन पत्र्याकडं बघतंय?”

“मग फ्लेक्सवाल्याकडं जा. माझ्याकडं कशाला आलास?”

“आमी तेच म्हनत व्हतो बाबांना,” मुलगा म्हणाला. “त्या कॉम्प्युटरमदी सगळं असतंय. ब्रश बी असतोय.”

मालक खाली बघत म्हणाला, “मला त्यातलं काय कळत न्हाई. पर आजवर त्याला तुमीच काढलाय. शेवटचा बोर्ड दुसऱ्याच्या हातचा नगं.”

मी मुलाकडं वळलो. “ब्रश असतोय म्हनलास ना त्यात?”

“असतोय.”

“मग त्यो मीच धरनार.”

आता वाटतं, त्या ओट्यावर मी जीभ आवरली असती तर बरं झालं असतं. पण नाही आवरली. कोपऱ्यातल्या नावाचा प्रश्न होता.

फोटो एकच होता. एका पाहुण्यानं रोलच्या कॅमेऱ्यानं काढलेला, गाडा जिंकल्यावरचा. बैल मधोमध उभा, चारही बाजूंनी माणसं, आणि सगळ्यांवर गुलाल. बैल गुलाबी, माणसं गुलाबी, हवाही गुलाबी. त्या गर्दीतून एकटा बैल काढायचा होता.

मंचरला एसटी स्टँडजवळ फ्लेक्सचं एक दुकान होतं. तिथं कॉम्प्युटरवर एक मुलगी बसायची. लग्न झालेली, पंचविशीतली, बोलायला फटकळ. छपाई तिथं नव्हती. ती चित्र तयार करून सीडी एसटीनं पुण्याला पाठवायची आणि छापलेला फ्लेक्स तिकडून यायचा. मी तिला म्हटलं, “पोरी, तू मला दाखव, मी करतो.”

“बाबा, मी अर्ध्या तासात करून देते की.”

आणि दिलाच तिनं. बैलाच्या कडेनं टिक टिक टिक करत ठिपके मारले, मागची गर्दी उडवली आणि तिथं निळा पडदा टाकला. मी बघितलं. कॅलेंडरमधून कात्रीनं कापल्यासारखा बैल. कानातले केस गेले, शेपटीचा गोंडा दांडक्यासारखा झाला, गळ्याखालची लोंबती पोळी छाटल्यासारखी दिसायला लागली.

“हा बैल न्हाई,” मी म्हटलं. “हा बिस्किटाच्या पुड्यावरचा बैल हाय.”

ती हसली नाही. म्हणाली, “केसबीस पायजे असतील तर मास्क करावा लागतो. ब्रशनं. लई वेळ जातो. बसा मग तुम्हीच.” आणि खरंच खुर्चीवरून उठली.

तिनं सांगितलं ते असं. फोटो हा एक थर, त्याला लेयर म्हणायचं. त्याच्या खाली दुसरा थर, निळा पडदा. फोटोच्या थरावर एक झाकण घालायचं, ते दिसत नाही. त्याला मास्क म्हणायचं. झाकणावर काळा ब्रश फिरवला की तिथला फोटो लपतो आणि खालचं निळं दिसतं. पांढरा ब्रश फिरवला की फोटो परत येतो. “काळ्यानं झाकायचं, पांढऱ्यानं दाखवायचं. एवढंच लक्षात ठेवा.”

“म्हंजे पुसायचं न्हाई?”

“पुसायचं नाही. फोटोला काही होत नाही. नुसतं झाकायचं.”

एवढंच लक्षात ठेवा म्हणे. उभा जन्म काळ्या डब्यातून काळं आणि पांढऱ्या डब्यातून पांढरं काढलेल्या माणसाला हे सांगायला काय जातं? माझा हात सावली करायला काळा घ्यायचा, की तिथं बैलाचं पोट नाहीसं व्हायचं. उजेड द्यायला पांढरा घ्यायचा, की शेजारच्या माणसाचं गुलालानं माखलेलं डोकं बैलाच्या पाठीवर उगवायचं. चिडून पुन्हा काळा घेतला की डोक्याबरोबर वशिंड जायचं.

आणि तो माउस. साबणाच्या वडीनं रांगोळी काढायला बसवल्यासारखं. ब्रशाला टोक असतं, दाब असतो, बोटाला कळतं किती उतरलं. इथं हात टेबलावर आणि रंग तिकडं काचेत. मी हात उचलला की रेघ थांबायची नाही, कारण बोट बटणावरच राहिलेलं. ती मागून म्हणायची, “बाबा, बोट सोडा. बोट.”

“सोडलंय.”

“कुठं सोडलंय? बैलाची तंगडी गेली बघा.”

पहिला दिवस असा गेला की शेवटी माझा बैल खरोखरच काळा झाला. काळा म्हणजे डांबर ओतल्यासारखा. मी ओरडलो, “हे बघ, तू म्हनलीस झाकतो. झाकला का?”

ती वाकली आणि बोट दाखवलं. लेयरच्या पट्टीत दोन चौकोन होते, एक फोटोचा आणि एक मास्कचा. ज्याच्याभोवती बारीक चौकट असेल त्यावर ब्रश चालतो. माझी चौकट फोटोभोवती होती. म्हणजे मी झाकणावर नाही, खुद्द बैलाच्या अंगावरच रंग फासत बसलो होतो. ती चौकट केसाएवढी बारीक. माझ्या चष्म्याला दिसणार तरी कशी? ज्या चौकटीवर सगळा खेळ अवलंबून, ती जरा जाड करायला काय जात होतं त्या बनवणाऱ्याचं?

“कंट्रोल दाबून झेड दाबा,” ती म्हणाली. ते दाबलं की केलेलं मागं जातं. मी दाबत राहिलो. ते थोडं मागं गेलं आणि थांबलं. पुढं जाईना.

“एवढंच जातं मागं,” ती म्हणाली. “नव्यानं फोटो घेऊ.”

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या एसटीनं गेलो. दुकान उघडायच्या आधी पायरीवर बसलो होतो. ती चावी काढत म्हणाली, “बाबा, घरी कुणी विचारत नाही का तुम्हाला, कुठं चाललात म्हणून?”

“इचारत्यात. मी सांगत न्हाई.”

त्या दिवशी मला जरा जमलं, हे मी आधीच सांगतो, म्हणजे पुढचं दुःख कळेल. ब्रश कडक ठेवला तर कात्रीनं कापल्यासारखं होतं आणि अगदी मऊ ठेवला तर बैलाभोवती देवाच्या फोटोसारखं तेज दिसतं, हे मला समजलं. पायाला कडक, पाठीला थोडा मऊ, शेपटीला अगदी बारीक. आणि रंगाचा जोरही कमी करता येतो. निम्म्या जोरानं काळं फिरवलं की फोटो निम्माच लपतो. ते कळल्यावर मी पाठीमागचा गुलाल सगळा झाकला नाही. विरळ ठेवला, धुरासारखा. माणसं गेली आणि त्यांनी उधळलेला गुलाल राहिला. ती चहाचा कप घेऊन मागं उभी राहिली आणि काहीच बोलली नाही. फटकळ माणूस गप्प बसलं की समजायचं.

एकदा तिनं काहीतरी दाबलं आणि नुसता मास्क दाखवला. फोटो नाही, रंग नाही. काळ्या पडद्यावर चुन्यानं काढल्यासारखा पांढरा बैल, आणि कडेनं करड्या करड्या बारीक रेघा. त्या रेघा माझ्या होत्या. माझा हात मला ओळखू आला. मी म्हटलं, “हाच छाप की.”

“हे छापत नाहीत, बाबा. हे कुणाला दिसत नसतं.”

शेपटीचा गोंडा तेवढा राहिला होता आणि लाईट गेली. भारनियमनाचं वेळापत्रक दुकानाच्या दारावरच चिकटवलं होतं, पण त्या दिवशी वेळेच्या आधीच गेली. बॅटरी होती, ती झेरॉक्स मशीनला जोडलेली. स्क्रीन काळी. मी हातात माउस धरून तसाच बसलो.

“सेव्ह केलं होतं ना?” ती म्हणाली.

“म्हंजे?”

“काल सांगितलं नव्हतं का? मधूनमधून सेव्ह करायचं म्हणून?”

“न्हाई सांगितलं.”

“सांगितलं होतं.”

सांगितलं नव्हतं. आजही मी तेच म्हणेन. पत्र्यावरचा रंग लाईट गेली म्हणून उडत नाही. मग मला सुचावं कसं?

घरी येताना एसटीत उभाच राहिलो. जागा होती, पण बसावंसं वाटेना. दहावा परवावर आला होता. सीडी उद्याच्या गाडीनं गेली नाही तर फ्लेक्स येणार नव्हता. ती म्हणाली होती, “बाबा, माझा कापलेला बैल तयार आहे. तो पाठवून देऊ.” मी म्हटलं होतं, पाठवलास तर तुझ्या दुकानासमोर बसून राहीन.

तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. आता चौकट आधी बघायची, मग ब्रश उचलायचा, आणि दर थोड्या वेळानं सेव्ह. माझी बायको देवाला नमस्कार करते तसा मी तो सेव्ह दाबत होतो. दुपारपर्यंत बैल उभा राहिला. खुरांखाली घाटाची फिकट मातीही ठेवली, नाहीतर तो हवेत तरंगल्यासारखा दिसला असता. राहिलं होतं फक्त शिंग.

“हे शिंग पुरं करायचं हाय,” मी म्हटलं. आणि पांढरा ब्रश घेऊन मोडलेल्या टोकाच्या पुढं फिरवला. शिंगाऐवजी तिथं मागच्या माणसाचा फेटा आला.

“बाबा, मास्कमध्ये नसलेलं कुठून येणार? फोटोत जेवढं आहे तेवढंच लपवायचं नाहीतर दाखवायचं. नवीन काढायचं असेल तर वेगळा लेयर घ्या आणि रंगवा.”

तिनं वेगळा लेयर दिला. मी माउसनं शिंग काढलं. गाजर झालं. पुसून पुन्हा काढलं, मुळा झाला. ज्या हातानं बैलांची कितीतरी शिंगं डोळे मिटून काढली, त्याच हाताला एक टोक जमेना. पाच वाजता सीडी न्यायची एसटी होती. मी तो लेयर काढून टाकायला सांगितला. मोडकं ते मोडकं.

मग ती समोरच्या टपरीवर सीडीसाठी पाकीट आणायला गेली, तेवढ्यात मी माझं काम उरकलं. काळा ब्रश घेतला आणि मातीवर कोपऱ्यात माझं नाव काढलं, पुढं ‘पेंटर’. टाइप करून नाही, हातानं. अक्षरं काळी न येता गर्द निळी आली. मला वाटलं, या यंत्राचं सगळं उलटंच आहे, असेल यातही काही. दिसत होतं छान. तिला सांगितलं नाही. सांगायचं काय त्यात? ती आली, मी उठलो आणि घरी गेलो.

मागाहून कळलं, मी गेल्यावर मालकाचा मुलगा दुकानात आला. म्हणाला, दहाव्याला हा निळा पडदा कशाला, साधा पांढरा ठेवा. तिनं खालचा थर पांढरा केला आणि सीडी गाडीत टाकली. तिचं काही चुकलं नाही. माझं नाव तिथं रंगानं लिहिलेलं नव्हतंच. माझी चौकट मास्कवर होती. मी काळ्यानं माती झाकली होती आणि त्या भोकातून मागचा निळा पडदा दिसत होता. पडदा पांढरा झाला, तसं नावही पांढरं झालं. फिकट मातीवर पांढरी अक्षरं. कुणाला दिसणार?

मला दिसली. दहाव्याच्या सकाळी शेतात गेलो तर फ्लेक्स दोन बांबूंना बांधलेला, खाली ताज्या मातीचा ढीग, त्यावर हार. प्रवचनाला माणसं जमत होती. मी कोपऱ्याजवळ नाक नेलं तेव्हा कुठं नाव लागलं, पीठ सांडल्यासारखं.

मालक माझ्याशेजारी येऊन उभा राहिला. त्यानं बोर्ड खालपासून वरपर्यंत बघितला. मी वाट बघत होतो, आता म्हणेल, पेंटरचाच हाय.

तो म्हणाला, “पेंटर, तुमाला न्हाई जमलं व्हय? जाऊ द्या. पोरीनं बरा केलाय.”

“म्हंजे? मीच केलाय ह्यो.”

“तुमी?” त्यानं वर बोट केलं. “तुमचं शिंग पुरं असतंय की. आन् नाव कुटं हाय?”

तीन दिवस. तीन दिवस मी त्या खुर्चीत बसलो होतो, आणि माझ्या हाताची खूण कुठली, तर जे मला काढता आलं नाही ते शिंग.

मुलगा मागून म्हणाला, “काका, जाऊ द्या ना. फ्लेक्सवर कोन नाव बघतंय?”

मी तडक माझ्या सायकलकडं गेलो. तिला पिशवी होती, त्यात काळ्या रंगाची डबी आणि दोन ब्रश असायचेच. काम असो नसो, ती सवय. कुणाची तरी शिडी होती ती लावली, चढलो, आणि ब्रश शिंगाच्या टोकाला नेला. एका झटक्यात झालं असतं.

“पेंटर,” खालून मालक म्हणाला. “ऱ्हाऊ द्या. तसाच व्हता त्यो.”

“मग इतकी वरसं का न्हाई बोललात?”

“तुमी इतक्या हौसेनं काढायचा. म्हनलं, कशाला बोलायचं?”

खाली मंडळी बघत होती. एक म्हातारा म्हणाला, “अवं, उतरवा कुनीतरी पेंटरला, पडतंय म्हातारं.” तो माझ्यापेक्षा मोठा होता. मी उतरलो. उतरून फ्लेक्सच्या कोपऱ्याशी बसलो आणि चित्रातल्या मातीवर, त्या पांढऱ्या पिठावरूनच, माझं नाव काढलं. जाड, काळं, आणि काळं म्हणजे काळं. पुढं ‘पेंटर’. रबरी कापडावर ऑइल पेंट नीट धरत नाही, म्हणून दोनदा फिरवलं. मालक बघून म्हणाला, “हां. आता तुमचा.” तो चांगल्या मनानं म्हणाला. मला ते चांगल्या मनानं घेता आलं नाही. जेवायला थांबलो नाही.

दोन-तीन उन्हाळ्यांनंतर पेठेला एका लग्नाला गेलो. मालकाच्या शेताजवळून पायी चाललो होतो. कांदा साठवायच्या बराकीवर तोच फ्लेक्स टाकलेला, वर दगड. उन्हानं सगळं उडालं होतं. गुलाल गेला, डोळा गेला, शेपटीचा तो गोंडा गेला. बैल कुठं उभा होता हे मला माहीत होतं म्हणून तिथं काहीतरी करडं दिसत होतं. बाकी सगळं कोरं. आणि कोपऱ्यात माझं नाव, काल काढल्यासारखं.

मालकाचा मुलगा बराकीपाशीच होता. हसून म्हणाला, “काका, बघा! तुमचं नाव काय जाईना बरं का. रस्त्यावरनं दिसतंय.”

कोऱ्या कापडाखाली माझं नाव. जाणारा येणारा काय म्हणत असेल, या पेंटरनं हे काढलंय म्हणून?

मी एकेक दगड उचलून बाजूला ठेवला. तो म्हणत होता, “अवं काका, काय करताय, कांदा हाय खाली.” मी फ्लेक्स उलटा केला, नाव आत, कांद्याच्या बाजूला, आणि दगड पुन्हा होते तसे ठेवले.